सर्व्हरची वेळ ग्राह्य

ग्रामपंचायतीच्या रस्त्याची ई-निविदा भरताना शेवटच्या पाच मिनिटांत वाशीतला कंत्राटदार मनगटावरच्या घड्याळाकडे बघत नाही. वाशी म्हणजे आमची, धाराशिव जिल्ह्यातली, खाडीपलीकडची नव्हे. राज्याच्या निविदा पोर्टलच्या पडद्यावर एक घड्याळ पळत असते आणि अटींमध्ये सरळ लिहिलेले असते की मुदतीसाठी सर्व्हरची हीच वेळ धरली जाईल. तत्काळ तिकिटाचेही तसेच. गाडी येडशीहून धरायची असो की सोलापूरहून, वातानुकूलित डब्यांचे तत्काळ आरक्षण दहाला आणि बाकीच्यांचे अकराला उघडते. ते दहा आणि अकरा रेल्वेच्या संगणकातले. पीक विम्याच्या शेवटच्या रात्री सेवा केंद्रापुढे रांग लागलेली असते, तेव्हा बारा कधी वाजले हे गावातले कोणीच ठरवत नाही.

सर्व्हरच्या वेळेला हा मान आपोआप मिळालेला नाही. तो मिळवून देण्याची खटपट साठ वर्षे चालू आहे आणि तिचा बराचसा भाग मेनफ्रेम नावाच्या यंत्रांवर झाला: हजारो लोकांचे व्यवहार एकाच वेळी, न थांबता, वर्षानुवर्षे हाताळणारे मोठे मध्यवर्ती संगणक. आपल्याकडच्या बँकांचे कोअर बँकिंग आज बहुतेक युनिक्स किंवा लिनक्सच्या यंत्रांवर चालते, हे खरे. पण अमेरिका-युरोपातल्या मोठ्या बँका, विमा कंपन्या आणि विमान कंपन्या अजून मेनफ्रेमवर आहेत, आणि ती यंत्रे सांभाळणारी माणसे मोठ्या संख्येने हिंजवडीत, ऐरोलीत बसतात. लातूर-धाराशिवकडची पोरेही त्यात आहेत. शिवाय घड्याळाचे जे प्रश्न आज प्रत्येक सर्व्हरला पडतात, ते मेनफ्रेमला आधी पडले होते आणि त्यांची उत्तरेही तिथेच आधी शोधली गेली.

या विषयावर बोलताना तीन वेगळे प्रश्न एकाच शब्दात गुंडाळले जातात. घड्याळ बरोबर आहे का, हा पहिला. ते कधी मागे तर जात नाही ना, हा दुसरा. आणि एकत्र काम करणाऱ्या सगळ्या यंत्रांत तीच वेळ आहे का, हा तिसरा. बाहेरच्या माणसाला पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मेनफ्रेम बांधणाऱ्यांनी मात्र आधी दुसरा सोडवला, मग तिसरा, आणि पहिल्याकडे ते बऱ्याच उशिरा वळले. माझ्या मते हा क्रम योग्यच होता. आपल्याकडचे आताचे नियम पहिल्यावरच भर देतात आणि उरलेल्या दोघांबद्दल फारसे बोलत नाहीत, ही माझी तक्रार आहे.

सुरुवात अगदीच गरीब होती. आयबीएम १४०१ हा आपल्याकडच्या कार्यालयांत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आलेला संगणक. साठीच्या दशकात रेल्वेच्या विभागांत पगार आणि हिशेबांसाठी तो होता. आयुर्विमा महामंडळाकडे संगणक आला तो १९६४ साली. १४०१ ला वेळ सांगणारे घड्याळच नव्हते. आजची तारीख काय हे यंत्राला एका पंच केलेल्या कार्डावरून कळे आणि ते कार्ड गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवण्याची जबाबदारी ऑपरेटरची. कालचे कार्ड चुकून राहिले तर यंत्र निमूटपणे कालच्या तारखेने पगारपत्रके छापणार. त्याला त्यात काही वावगे वाटण्याचे कारणच नव्हते.

एप्रिल १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली. तिच्यात मेमरीच्या ८० क्रमांकाच्या जागी एक कालगणक असे. त्याला घड्याळ म्हणणे जिवावर येते. बत्तीस बिटांची ती संख्या विजेच्या प्रवाहाच्या प्रत्येक आवर्तनाला थोडी कमी होत जाई: साठ हर्ट्झच्या देशात दरवेळी पाच, पन्नास हर्ट्झच्या देशात सहा, म्हणजे दोन्हीकडे सेकंदाला तीनशे. साडेपंधरा तासांत तिचा पूर्ण फेरा व्हायचा. यंत्र सुरू करताना ऑपरेटर कन्सोलवर दिवस आणि वेळ टाइप करी आणि पुढे प्रणाली या कालगणकाच्या आधाराने वेळ मोजत राही. थोडक्यात, कोट्यवधी रुपयांच्या यंत्राची वेळ म्हणजे ऑपरेटरच्या मनगटावरची वेळ, अधिक वीज मंडळाची मर्जी.

ही मर्जी आपल्याला चांगली ठाऊक आहे. विजेची वारंवारता पन्नासऐवजी एकोणपन्नासवर उतरली तर असे घड्याळ तासाला ७२ सेकंद मागे पडेल. आठ तासांच्या पाळीत साडेनऊ मिनिटे. ग्रिडची वारंवारता पन्नासच्या खाली राहणे ही आपल्याकडे कित्येक वर्षे रोजची गोष्ट होती. आयआयटी मुंबईतला सोव्हिएत बनावटीचा ईसी-१०३० याच ३६० च्या धाटणीवर बेतलेला होता. तेव्हाच्या छापील अहवालांवरच्या वेळा म्हणूनच मिनिटापर्यंत खऱ्या मानू नयेत.

खरी उडी १९७० ची. सिस्टिम/३७० मध्ये आयबीएमने यंत्राला त्याचे स्वतःचे घड्याळ दिले आणि त्याची रचना इतकी दूरदृष्टीची होती की आजचे झेड मालिकेतले यंत्रही तीच वापरते. चौसष्ट बिटांची एक संख्या. १ जानेवारी १९०० च्या मध्यरात्री, ग्रीनिचच्या वेळेने, ती शून्य होती असे मानायचे आणि तिचा एक्कावन्नावा बिट दर मायक्रोसेकंदाला एकने वाढवायचा. मोजणी डावीकडून, शून्यापासून. त्याच्याही उजवीकडचे बिट आणखी बारीक वेळेसाठी. वर्ष, महिना, तास वगैरे काही नाही. कुठल्या तरी ठरलेल्या क्षणापासून किती काळ गेला तेवढे मोजायचे आणि पंचांग माणसांच्या प्रोग्रॅमवर सोपवायचे. मराठवाड्याच्या वाचकाला हे पटकन समजेल. आपल्याकडचे निजामकालीन महसुली कागद फसली सनात आहेत. कुणबी नोंदी शोधताना अलीकडे ज्यांनी ती दप्तरे चाळली त्यांना त्यात सुमारे ५९० मिळवून इसवी सन काढावे लागले. मोजणी कुठून सुरू केली ते ठाऊक असले की बाकी बेरीज-वजाबाकी.

पण या घड्याळाची सर्वांत हुशार गोष्ट वेगळीच आहे. प्रोग्रॅमने वेळ विचारली की यंत्र जे उत्तर देते, ते पुन्हा कधीच मिळत नाही. त्याच यंत्रातल्या दोन प्रोसेसरांनी अगदी एका क्षणी विचारले तरी दोघांना वेगवेगळी संख्या मिळते. वेळ पडलीच तर यंत्र एखाद्या प्रोसेसरला थोडे थांबवून ठेवते, पण दोन सारखी उत्तरे देत नाही. शिवाय आधी विचारणाऱ्याला लहान संख्या आणि नंतरच्याला मोठी, याची हमी. म्हणजे हे केवळ घड्याळ नाही, रांगेतला टोकन देणारा माणूसही आहे. बँकेला यातच रस असतो. खात्यातून पैसे आधी निघाले की आधी जमा झाले, हे ठरवायला ग्रीनिचच्या खगोलशास्त्रज्ञांची गरज नाही. क्रम पक्का असला की पुरे. घड्याळ सबंध पाच मिनिटे पुढे असेल तरी क्रम बिघडत नाही. एक सेकंद मागे गेले तर बिघडतो. सेकंद चुकल्याचे दुःख नाही, काळ मागे सरकल्याचे आहे.

सत्तरच्या दशकातल्या यंत्रांवर घड्याळ लावण्यासाठी कन्सोलवर एक वेगळी कळ असे. ती दाबून धरल्याशिवाय कोणत्याही प्रोग्रॅमला वेळ बदलता येत नसे. प्रणाली सुरू करताना पडद्यावर संदेश येई: ग्रीनिचची तारीख-वेळ ही, स्थानिक तारीख-वेळ ही, मान्य असेल तर सांगा. ऑपरेटरने एकदा वाचून होकार द्यायचा. हा प्रश्न आजही विचारता येतो आणि विचारायचा नसेल तर तसे आधी लिहून ठेवता येते. त्याच ठिकाणी वेळेचा पट्टा सांगतात. भारतासाठी पूर्व, पाच तास तीस मिनिटे. मध्यरात्रीच्या पाळीत डोळ्यांवर झापड असताना त्या संदेशाला न वाचता होकार देणे किती सोपे आहे, हे कोणत्याही पाळीवाल्याला विचारा. वर्षाचा एक आकडा चुकला आणि प्रणाली उठली की साठवलेल्या फायलींच्या मुदती धडाधड संपू लागतात, टेप मोकळ्या समजून पुसल्या जातात. म्हणून जाणती कार्यालये हा होकार दोघांकडून घेतात.

पुढे एका यंत्राने भागेना. १९९० मध्ये आयबीएमने सिसप्लेक्स आणली: अनेक मेनफ्रेम एकत्र जोडून एकच यंत्र असल्यासारखे चालवायचे. तिसरा प्रश्न इथे डोक्यावर बसला. समजा, एकाच खात्यावर दोन यंत्रांतून व्यवहार होतात. प्रत्येक यंत्र आपापल्या नोंदवहीत वेळेसह ते लिहिते. डेटाबेस कोसळला आणि तो पुन्हा उभा करायचा झाला, तर दोन्ही वह्या वेळेच्या क्रमाने एकत्र लावून व्यवहार परत खेळवायचे असतात. एका यंत्राचे घड्याळ हजारांश सेकंदाने जरी मागे असेल, तरी आधीचा व्यवहार नंतर आणि नंतरचा आधी लागेल. रक्कम चुकेल, आणि चुकल्याचे कळणारही नाही.

त्यासाठी त्याच वर्षी सिसप्लेक्स टायमर नावाची वेगळी पेटी आली. सगळ्या यंत्रांची घड्याळे तिच्या तालावर. ती पेटीच बंद पडली तर काय, म्हणून दोन पेट्या, एकमेकींना जोडलेल्या. हवी तर मॉडेमवरून बाहेरच्या वेळसेवेला फोन लावून ती आपली वेळ दुरुस्त करून घेई, पण ते ऐच्छिक होते. पेटी सगळ्या यंत्रांना एकच चुकीची वेळ देत असली तरी चालणार होते. वेगवेगळ्या वेळा मात्र चालणार नव्हत्या. आणि एखाद्या यंत्राचा तालाशी संबंध तुटला, तर ठरलेली मर्यादा ओलांडल्यावर ते यंत्र स्वतःहून काम थांबवते. चुकीच्या घड्याळावर चालत राहण्यापेक्षा बंद पडलेले बरे, हा निर्णय यंत्रातच पक्का केलेला आहे. मेनफ्रेमवाल्यांच्या स्वभावाचे याहून चांगले वर्णन मला सुचत नाही. साध्या सर्व्हरच्या जगात घड्याळ बिघडले तर यंत्र तसेच पुढे चालते आणि सकाळी कोणीतरी नोंदी बघून कपाळाला हात लावते.

२००७ पासून ती पेटीही गेली. यंत्रांना आपसात जोडणाऱ्या तारांवरूनच वेळेचे निरोप जाऊ लागले. शंभर किलोमीटरपर्यंतच्या अंतरावर दुसऱ्या इमारतीत असलेले यंत्रही एकाच तालात राहू शकते. मुख्य यंत्र कोण, त्याच्या गैरहजेरीत कोण आणि दोघांत भांडण झाले तर निवाडा कोण करणार, या तिन्ही भूमिका आधीच नेमलेल्या असतात. आणि इथे पहिल्या प्रश्नाला, म्हणजे बरोबर वेळेला, एकदाचा न्याय मिळाला. मुख्य यंत्र इंटरनेटच्या जगात रुळलेल्या एनटीपी पद्धतीने बाहेरच्या वेळेशी स्वतःला ताडून पाहते. एनटीपी ही डेव्हिड मिल्स या अमेरिकन संशोधकाची देणगी, १९८५ पासूनची. २०२२ च्या झेड१६ यंत्रात त्याहून बारीक अशी पीटीपी पद्धतही थेट आली.

दुरुस्ती कशी करतात ते पाहण्यासारखे आहे. घड्याळ एक सेकंद पुढे गेले असेल तर त्याला मागे ओढत नाहीत. त्याची चाल किंचित मंद करतात, इतकी किंचित की एक सेकंद भरून निघायला सुमारे सात तास लागतात. या सात तासांत कोणत्याही प्रोग्रॅमला काहीही जाणवत नाही आणि प्रत्येक क्षण आधीच्या क्षणाच्या पुढेच राहतो. बरोबर वेळ मिळवायची, पण क्रम मोडून नव्हे.

आता एक गोष्ट जी या विषयावरच्या लिखाणात सहसा येत नाही. बँकेच्या कामात तारीख बऱ्याचदा घड्याळाची नसतेच. शाखांमध्ये स्वतंत्र संगणक होते त्या काळात रोज सकाळी अधिकारी ‘डे बिगिन’ करी आणि संध्याकाळी ताळा जमला की ‘डे एंड’. ताळा जमेपर्यंत बँकेची तारीख बदलत नसे, मग भिंतीवरच्या कॅलेंडरात काहीही असो. ३१ मार्चला तर ती तारीख रात्री उशिरापर्यंत खेचली जाई. मेनफ्रेमवरच्या रात्रीच्या बॅचमध्येही हेच असते: काम पहाटे दोनला चालते, पण त्याला तारीख कालची दिलेली असते, पॅरामीटरमधून. १४०१ चे तारखेचे कार्ड मेले नाही, नुसते त्याचे रूप बदलले. घड्याळाकडे थेट बघणारा एखादा प्रोग्रॅम या साखळीत चुकून राहिला, की मध्यरात्रीनंतर सुरू झालेल्या बॅचमध्ये अर्धे काम आजचे आणि अर्धे कालचे होते. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास झाले. आता बँकेला दार बंद करून तारीख बदलण्याची सवलत उरलेली नाही. व्यवहार वाहत असतानाच दिवस उलटावा लागतो. घड्याळाची शिस्त आपल्याकडे खऱ्या अर्थाने तेव्हापासून ग्राहकाच्या वाट्याला आली.

वाय-टू-के हेही घड्याळाचे नव्हे, तारखेचे दुखणे होते. ३७० चे घड्याळ १ जानेवारी २००० ला काहीच घडले नाही असे पुढे गेले. कोबॉल भाषेतल्या प्रोग्रॅममधल्या दोन आकडी वर्षांनी गोंधळ घातला. त्या निमित्ताने पुण्या-मुंबईत कोबॉलचे वर्ग भरले आणि मराठवाड्यातून बी.एस्सी. करून गेलेल्या कितीतरी जणांना परदेश दिसला. दुरुस्तीचा एक स्वस्त उपाय तेव्हा सर्रास वापरला गेला: वर्ष पुन्हा चार आकडी न करता, समजा पन्नासपेक्षा लहान आकडा आला तर तो एकविसाव्या शतकातला धरायचा. म्हणजे शंभर वर्षांची खिडकी पुढे सरकवायची. त्या खिडक्यांचीही मुदत कधीतरी संपणार आहे. हा उपाय पुढे पुन्हा भेटेल.

अमेरिकेतल्या उन्हाळी वेळेचा त्रासही पुण्याच्याच नशिबी आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे दोन वाजतात आणि पुन्हा एक होतो, तेव्हा हिंजवडीत सकाळचे साडेअकरा झालेले असतात. यंत्राचे आतले घड्याळ ग्रीनिचच्या वेळेने चालते, त्यामुळे त्याला काही होत नाही. फक्त स्थानिक वेळेसाठीचा फरक बदलतो. पण स्थानिक वेळ लिहिणारे जुने प्रोग्रॅम त्या दिवशी एकच तास दोनदा अनुभवतात. कित्येक कंपन्यांनी यावर काढलेला तोडगा असा की तो तास संपेपर्यंत ऑनलाइन कामच बंद ठेवायचे. बुद्धीला फारसा ताण नाही आणि धोका शून्य. मला तो आवडतो.

आपल्या देशात हा तास बदलण्याचा प्रकार नाही. दुसऱ्या महायुद्धातला थोडा काळ सोडला तर १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे यंत्राच्या घड्याळातच भारतीय वेळ भरून टाकण्याचा मोह होतो. फरक शून्य ठेवला की बेरीज-वजाबाकीची कटकट नाही. ज्याला पुढे एखाद्या परदेशी यंत्राशी नोंदी जुळवाव्या लागतील त्याच्यासाठी मात्र हे महागात पडणारे आहे.

प्रमाणवेळेवरून महाराष्ट्रात पूर्वी चांगलेच भांडण झाले आहे. मुंबईची जुनी वेळ ग्रीनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटे पुढे, म्हणजे आताच्या वेळेपेक्षा जवळपास ३९ मिनिटांनी मागे होती. जानेवारी १९०६ मध्ये सरकारने प्रमाणवेळ लागू केली, तेव्हा जेकब ससून गिरणीतल्या कामगारांनी काम बंद पाडले. अंधारात कामावर यायचे आणि घड्याळ सांगते म्हणून, हे त्यांना मान्य नव्हते. मुंबई महापालिकेने तर पुढे कित्येक दशके आपली जुनी वेळच चालवली. वाशीचा हिशेब केला तर आपण प्रमाणवेळ ज्यावरून ठरते त्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशापासून जवळपास पावणेसात अंश पश्चिमेला आहोत. सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी साडेबाराला तीन मिनिटे कमी असतात. सत्तावीस मिनिटांची ही तफावत आपण निमूट सोसतो आणि सर्व्हरच्या एका सेकंदावरून तत्काळचे तिकीट हुकते. गंमत आहे खरी.

देशाची अधिकृत वेळ राखण्याचे काम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे. तिथे सीझियमची अणुघड्याळे आणि हायड्रोजन मेसर आहेत, त्यांची तुलना पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजन-माप संस्थेमार्फत जगाच्या वेळेशी होत असते आणि फरक काही नॅनोसेकंदांचा असतो. एके काळी लघुलहरींवरून वेळेचे टोल ऐकवले जात, मग उपग्रहावरून वेळ पाठवली गेली, फोनवरून विचारायची सोय झाली. आता इंटरनेटवरून एनटीपी. म्हणजे दिल्लीत नॅनोसेकंद आणि वाशीच्या सेवा केंद्रात मिलिसेकंद. वाटेत केबल, राउटर आणि रांग असते, त्याला कोणी काही करू शकत नाही.

नियमांचा आढावा थोडक्यात घेतो, कारण त्यात फार खोली नाही. सायबर सुरक्षेची नोडल संस्था सर्ट-इन हिने २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला: सर्व संस्थांनी आपल्या संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळणाऱ्या स्रोताशी लावावीत. सेबीने शेअर बाजारांना सांगितले आहे की बाजार उघडण्यापूर्वी घड्याळे अणुघड्याळाशी जुळवा, चूक एक मिलिसेकंदाच्या आत हवी आणि नोंद मायक्रोसेकंदापर्यंत. हा दुसरा नियम मला अधिक पटतो, कारण तो आकड्यात बोलतो. दलाल स्ट्रीटवर १९९५ मध्ये शेअर खरेदी-विक्रीची बोल्ट ही संगणक प्रणाली आली ती टँडेमच्या न थांबणाऱ्या यंत्रांवर. तेव्हा सेकंदाने भागत होते, आता भागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने प्रमाणवेळेच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला: व्यवहार, करार, सरकारी कामकाज यांत भारतीय प्रमाणवेळच वापरायची, खगोलशास्त्र, नौकानयन, संशोधन यांना सूट. ही वेळ देशभर पोचवण्यासाठी अहमदाबाद, बंगळूर, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी इथल्या प्रयोगशाळांत व्यवस्था होणार आहे. परक्या उपग्रहांवर अवलंबून राहायचे नाही, हा हेतू रास्त आहे. पण घड्याळ मागे सरकवू नका, सरकवले तर नोंद ठेवा, ताल तुटला तर व्यवहार थांबवा, असे त्यात कुठे असते? मेनफ्रेमकडून घ्यायचा धडा नेमका तो होता.

लीप सेकंदाचा उल्लेख टाळता येत नाही. पृथ्वी अणुघड्याळापेक्षा थोडी मंद फिरते, म्हणून १९७२ पासून २७ वेळा जगाच्या वेळेत एक सेकंद घुसवला गेला. शेवटचा आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचला आला. मेनफ्रेमला हे दोन प्रकारे झेपते: एक तर त्या सेकंदापुरते काम वाटणेच थांबवायचे, नाही तर लीप सेकंदांचा हिशेब शून्य ठेवून घड्याळ सात तासांत हळूहळू जुळवून घ्यायचे. अनेक कार्यालयांनी दुसरा मार्ग पत्करला. २०२२ मध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवले की २०३५ पर्यंत हा प्रकार बंद करण्याच्या दिशेने जायचे. संगणकवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सूर्याला काय वाटले ते कळायला शतके लागतील.

राहता राहिले २०४२. युनिक्सच्या बत्तीस बिटी घड्याळाचे २०३८ चे संकट आता बहुतेकांनी ऐकलेले आहे. मेनफ्रेमच्या घड्याळाचे फारसे कोणी ऐकलेले नसते. डावीकडचे बावन्न बिट मायक्रोसेकंद मोजतात. १९०० पासून ते १४२ वर्षे आणि काही महिने पुरतात. ग्रीनिचच्या वेळेने १७ सप्टेंबर २०४२ च्या रात्री ११ वाजून ५३ मिनिटे ४७ सेकंदांनी सगळे बिट भरतील आणि घड्याळ पुन्हा शून्य होईल. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, हा योगायोग. पण वाशीत तेव्हा १८ तारखेची पहाट झालेली असेल, पाच वाजून तेवीस मिनिटांची, आणि ध्वजारोहण कालच उरकलेले असेल.

आयबीएमने आपल्या बाजूचे काम केले आहे. सोळा बाइटांचे विस्तारित घड्याळ केव्हाच आले, त्यात डाव्या बाजूला आणखी आठ बिटांची जागा आहे, म्हणजे छत्तीस हजार वर्षांहून जास्त. २०१७ च्या झेड१४ यंत्रापासून हार्डवेअरला एकाहून अधिक युगे कळतात. अडचण आहे ती गेल्या पन्नास वर्षांत लोकांनी आपापल्या फायलींत, टेपांवर, डेटाबेसच्या रकान्यांत जशाच्या तशा जपून ठेवलेल्या आठ बाइटांची. ते रकाने कुठे कुठे आहेत याची यादी बहुतेक कार्यालयांकडे नाही. ज्यांनी ते प्रोग्रॅम असेंब्लरमध्ये लिहिले ती माणसे निवृत्त झाली आहेत. आणि वीस वर्षांची मुदत असलेली कोणतीही नोंद, जी मुदत या रूपात साठवली असेल, ती २०२२ पासूनच त्या रेषेच्या पलीकडे पोचली आहे.

यावर एक पळवाट आहे आणि ती वाय-टू-केच्या खिडकीसारखीच. ११ मे १९७१ पासून या घड्याळाचा सर्वांत डावा बिट एक आहे. त्या आधीच्या वेळा कोणाच्याच फायलीत जवळपास नाहीत, कारण ३७० तेव्हा नुकतेच बाजारात येत होते. मग डावा बिट शून्य दिसला की ती नोंद १९०० नंतरची न मानता २०४२ नंतरची मानायची. रकाना वाढवायला नको, फाइल पुन्हा लिहायला नको. एक तुलना घातली की काम झाले. बहुतेक जण हेच करतील, असा माझा अंदाज आहे. ही खिडकी २६ जानेवारी २११४ रोजी, आपल्या वेळेने संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी बंद होते. तोपर्यंत हा प्रोग्रॅम कोण वापरणार आहे, असे म्हणून ती लिहिली जाईल; दोन आकडी वर्षे लिहिणारेही साठच्या दशकात हेच म्हणत होते.